दीड चमचा

नर्मदेचं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड येतं,
पहाटे साडेपाचला.
बादली भरत आली की तिचा आवाज बारीक होत जातो,
वरची हवा आखूड होते म्हणून.
मी अंथरुणातूनच सांगते, अच्युत, नळ बंद करा,
आणि ते दर वेळी दचकतात,
जणू मला भिंतीतून दिसतं.

दिसत नाही. एकतीस वर्षं इंदूरच्या पोरींना
भौतिकी शिकवली, एवढंच.

किटली उकळायच्या आधी ओरडते.
तळाशी जन्मलेले बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरतात
आणि तिथेच मिटतात; ओरडणं त्या मिटण्याचं.
खरी उकळी फुटली की ती निवांत होते.
(आमच्या हेडबाई नेमक्या उलट.)
गरम पाणी ओतताना जाडसर वाजतं, गार पाणी काचेसारखं.
नववी ब ला मी डोळे मिटून ओळखायला लावायची.
हेमलता ढोबळे एकदाही चुकली नाही.
ती आता देवासला पाण्याचे पंप विकते.

डॉक्टरांनी साखर बंद केली त्या फाल्गुनापासून
अच्युत स्वतःचा चहा स्वतः करतात.
'तू बस, दमतेस.'
मी बसते. ऐकते.

बिनसाखरेच्या चहात चमचा आपटला
तर कप जवळजवळ एकच सूर धरून राहतो.
साखर पडली की कणाकणात अडकलेली हवा सुटते,
चहाचं वजन तेच, पण आतून तो मऊ पडतो,
आणि आवाज त्यातून रखडत जातो
रात्री सराफ्यात स्कूटर घेऊन शिरलेल्या माणसासारखा.
सूर धपकन खाली येतो.
मग बुडबुडे विरतात, वाट मोकळी होते,
तोच चमचा, तोच कप,
ठक, टक, टणक, टिण,
वर वर चढत जातो.

किती घसरला, त्यावरून चमचे मोजता येतात.
बुधवारी एक.
रविवारी, पोह्यांवर सेव पसरून झाली की, दीड.

मी कधी बोलले नाही. एकदा फक्त म्हटलं,
कपाच्या कानाच्या रेषेत वाजवलं तर सूर खाली,
अर्धा काटकोन सरकून वाजवलं तर किंचित वर;
कान आपलं वजन मध्ये घालतो.
'भिंतीला असतात ठाऊक होतं,' ते म्हणाले,
आणि चमचा हळूच बशीत ठेवला.

परवा गीता भवन चौकात माझे कान तपासले.
बंद खोलीत, हेडफोन लावून, ऐकू आलं की बटण दाबायचं.
कागदावरची रेघ हजारापर्यंत सपाट,
दोन हजारांशी वाकलेली,
तिथून पुढे मानपूरचा घाट उतरावा तशी.
'उमर का है, आंटीजी,' तपासणारा पोरगा म्हणाला,
मोठ्यांदा.

घरी आले तर अच्युत ओट्याशी कप घेऊन उभे.
सूर पडला. पडताना स्पष्ट ऐकला मी.
मग चढू लागला
आणि एका पायरीवर
ऐकू येईनासा झाला.

चमचा आपटत होता. मनगट हलताना दिसत होतं.
कपात नक्की काहीतरी वाजत होतं,
तीन हजार, साडेतीन, चार;
गणित मला पाठ आहे,
ध्वनीचा वेग भागिले चहाच्या उंचीची चौपट.

'काय म्हणाला?' त्यांनी वळून विचारलं.
'वरचं गेलंय म्हणाला. तुमची साखर खालच्या पट्टीत आहे,
ती ऐकू येत राहील.'

चमचा थांबला.
गॅसवर उरलेलं पाणी एकटंच कुजबुजत राहिलं.

'दीड ना?' मी विचारलं.
'पावणेदोन,' ते म्हणाले,
आणि अर्धा चहा बशीत ओतून
माझ्यापुढे सरकवला.